वसाहतीची समिती: आधी नोंदणी की आधी काम?

लातूरच्या बाह्यवळण रस्त्यालगतच्या नव्या वसाहतीबद्दल आपण लिहिले आहे. पाणी, नाल्या आणि पथदिवे यांसाठी बोलावलेल्या पहिल्या बैठकीला घरटी एक माणूस आला, दुसरीला मोजकेच उरले. म्हणून आधी संस्था नोंदवावी का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते नोंदणीची घाई करू नये.

संस्था नोंदणी अधिनियम, 1860 नुसार किमान 7 सदस्य लागतात, त्यासोबत धर्मादाय कार्यालयात 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या कायद्याखालीही नोंद होते आणि त्यानंतर दरवर्षीची हिशेबतपासणी, पदाधिकारी बदलले की बदल अर्ज, हे सर्व मागे लागते. शिवाय काम सुरू होण्यापूर्वीच अध्यक्ष कोण, यावरून मने दुखावतात. महापालिकेला सह्यांचे निवेदन देण्यासाठी नोंदणी लागत नाही. संस्थेच्या नावाने बँकेत खाते उघडायचे किंवा बाहेरून देणगी घ्यायची वेळ येईल, तेव्हा तो विचार करावा.

सुरुवात पाण्यापासून करा. ज्या शहराला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे लोकांना एकत्र आणणारा याहून मोठा विषय नाही. मात्र पहिला अर्ज लिहिण्याआधी पाणी सुटते त्या दिवशी गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा आणि कोणाकडे किती वाजता पाणी आले, ते वहीत लिहा. बहुतेक ठिकाणी असे दिसते की, व्हॉल्व्हजवळच्या घरांचे हौद भरून वाहतात आणि शेवटच्या घरांतील बायका रिकाम्या घागरी घेऊन नळाशी बसलेल्या असतात, कारण मधल्या काही घरांनी नळाला थेट मोटार जोडलेली असते. मोटारीच्या ओढीने जलवाहिनीत पोकळी निर्माण होते आणि जोड गळका असेल तर शेजारच्या नालीचे पाणी आत खेचले जाते. म्हणजे मोटार लावणाऱ्याच्या हौदातही तेच घाण पाणी पडते. ही गोष्ट शांतपणे, कोणाचे नाव न घेता, सर्वांसमोर सांगितली की निम्मे काम होते. उरलेल्यांसाठी पहिला तासभर कोणीही मोटार लावायची नाही, असा नियम सर्वांच्या सहीने करावा. हा तंटा आपसातला आहे, तो महापालिकेकडे नेण्यात अर्थ नाही. तो मिटला की पुढच्या बैठकीला लोक आपणहून येतात.

बैठकीची वेळ ठरवताना घरातील बायकांना विचारावे. नळाची वेळ, कमी दाब, गढूळ पाणी यांची खरी माहिती त्यांच्याकडेच असते, आणि बोलतात मात्र पुरुष. भाडेकरूंनाही बोलवा; घरमालक पुण्यात आणि राहणारा दुसराच, अशी घरे नव्या वसाहतीत पुष्कळ असतात.

वर्गणी घेतलीच तर जमा-खर्चाचा कागद दर महिन्याला मंदिराच्या भिंतीवर लावावा आणि मोबाइलवरील गटातही टाकावा. रक्कम किरकोळ असली तरी संशय किरकोळ नसतो.

महापालिकेशी व्यवहार कागदावरच करावा. निवेदनाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय परतू नये. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराखाली 10 रुपयांच्या शुल्कासह, त्या क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, एवढेच विचारावे. 30 दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे. त्याच मार्गाने नगररचना विभागाकडून लेआऊटचा मंजूर नकाशाही मागवून ठेवा, कारण राखीव मोकळ्या जागेवर एकदा पत्र्याचे शेड उभे राहिले की पुढे सगळे कठीण होते.

नगरसेवकाला जरूर बोलवावे, मात्र समितीच्या फलकावर कोणत्याही पक्षाचे चिन्ह येऊ देऊ नये. निवडणुकीच्या हंगामात हे जमवणे अवघड जाते, तरीही. नाल्यांचे काम अंदाजपत्रकावर अवलंबून असल्याने त्यास वेळ लागेल. पथदिव्यांच्या अर्जात मात्र खांबांचे क्रमांक, आणि ते नसतील तर समोरच्या घराचा क्रमांक, न चुकता लिहावा. 'आमच्या भागातील दिवे बंद आहेत' एवढ्याच मजकुरावर वायरमन येऊन नेमके काय दुरुस्त करणार?