अमेरिकेत पालकांना ‘ट्रबल्ड टीन प्रोग्रॅम’ (‘बिघडलेल्या’ किशोरवयीन मुलांना सुधारण्यासाठी घरापासून दूर ठेवणाऱ्या निवासी संस्था) सुचवणारे कन्सल्टंट कोणाला जबाबदार असतात?

कायद्याने म्हणाल तर जवळपास कोणालाच नाही. पालकांनी फसवणुकीचा किंवा निष्काळजीपणाचा दिवाणी दावा लावला तरच काय ते. डॉक्टरला परवाना लागतो, तो रद्दही होतो. ‘एज्युकेशनल कन्सल्टंट’ अशी पाटी लावायला सरकारी परवानाच लागत नाही, मग रद्द काय करणार? २००८ साली अमेरिकी संसदेच्या ‘जीएओ’ या तपास यंत्रणेच्या लोकांनी पालक असल्याचं भासवून एका रेफरल सेवेला, म्हणजे पालकांना अशा संस्था सुचवणाऱ्या सेवेला, तीनदा फोन केला. दर वेळी वेगळं काल्पनिक मूल, वेगळी तक्रार. तिन्ही वेळा सल्ला मात्र मिसुरीतल्या एकाच बूट कॅम्पचा, म्हणजे लष्करी शिस्तीच्या निवासी संस्थेचा. सेवेचे आणि कॅम्पचे मालक निघाले नवरा-बायको! फोनवर अर्थातच हे कोणी बोललं नव्हतं. डिसेंबर २०२४ मध्ये झालेला केंद्रीय कायदाही संस्थांमधल्या छळाच्या अभ्यासापुरता आहे.

सगळेच कन्सल्टंट संस्थांकडून कमिशन घेतात असं नाही. ‘आयईसीए’ ही त्यांची संघटना सदस्यांना संस्थांकडून मोबदला घेऊ देत नाही. पण सदस्यत्व ऐच्छिक, आणि फार तर सदस्यत्व जातं. तेव्हा फी देण्याआधी कमिशन, नातेसंबंध आणि संस्थेच्या खर्चाने केलेले दौरे, या तिन्हींबद्दल लेखी उत्तर मागा.