नव्या बाईंना, दिवाळीपर्यंत पुरेल एवढं

मॅडम, शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झालात, अभिनंदन! सोलापूरच्या पूर्व भागात बरीच मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड. मूल मराठीत अडखळलं म्हणजे त्याला उत्तर येत नाही, असं धरू नका. नव्यांची पहिली चूक हीच.

प्रश्न विचारलात की थांबा. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या अभ्यासात शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, गप्प मुलंही बोलू लागली. ते तीन सेकंद फार मोठे वाटतात, तरी लगेच हुशार पोराकडे वळू नका.

- नुसतं ‘शाब्बास’ नको. ‘हातचा बरोबर घेतलास’ म्हणा.
- कच्च्या मुलाला कायम सोपंच गणित देणं ही माया नव्हे.
- ‘शेवटी यंत्रमागावरच जाणार’ हे चेष्टेतही नको. त्याचे वडील तिथंच राबत असतील.

गट पाडणं वगैरे दिवाळीनंतर बघू.