लाजेनं बदलू नको

प्रिय पोरी,

पुण्याच्या ऑफिसात 'मी आलो, मी जेवलो' म्हणालीस की हसतात, आणि सुट्टीला कोल्हापूरला आलीस की रंकाळ्यावर मैत्रिणी म्हणतात, 'लई पुणेरी झालीस की गं!' मग माझं खरं बोलणं कुठलं, असं विचारतेस. दोन्ही तुझीच. मला लागलं ते तुझं पुढचं वाक्य : ऑफिसात आईचा फोन आला की तू उचलत नाहीस.

हे चालायचं नाही. उचलत जा, जागेवर बसूनच. बोलणं बदललं तर बदलू दे, पण लाजेनं बदलू नको.

माणसं हलली की हेल हलतो. व्यंकोजीराजांबरोबर १६७० च्या दशकात तंजावरला गेलेल्यांच्या वंशजांत आजही मराठी बोलणारी घरं आहेत. तमिळच्या शेजारात तिचा सूर पार वेगळा झाला, पण आपण विसरलेली जुनी रूपं तिनं जपली. बडोद्यात गुजराती मिसळली, इंदूर-ग्वाल्हेरला हिंदी. मुंबईच्या गिरणगावात तर आपले, साताऱ्याचे आणि कोकणातले लोक एकाच चाळीत नांदले. बाप घाटावरचा आणि पोरगं मुंबईचं बोलायचं. १९८२ च्या गिरणी संपानंतर कितीतरी कुटुंबं गावी परतली, तेव्हा ते मुंबईचं बोलणंही एसटीतून इकडं आलं. यातलं अशुद्ध कुठलं, सांग मला.

लांब कशाला जायचं? गडहिंग्लज-शिरोळकडं कन्नड डोकावतं, चंदगडला कोकणी ऐकल्यासारखं वाटतं. तुझं 'मी आलो' तरी चूक कसं? कन्नडमध्ये बाई बोलो की बाप्या, 'मी'च्या क्रियापदाचं रूप एकच. पिढ्यान् पिढ्यांच्या त्या शेजारातून ते आपल्या बायकांच्या तोंडी आलं असावं, असं मी मानतो.

तुझे सहकारी ज्याला शुद्ध म्हणतात तीही मुळात एका गावातल्या काही लोकांची बोली. एकोणिसाव्या शतकात छापखाने आले, क्रमिक पुस्तकं आली, १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्या काळात पुण्यातल्या शिकलेल्यांचं बोलणं प्रमाण ठरत गेलं. अर्जात, अहवालात ते लागतं. नीट शीक, तिथं आळस केलास तर मीच रागवेन. पण त्यासाठी आईशी बोलताना आवाज कशाला दाबायचा?

तरुणपणी मला एका ठिकाणी निवेदकाची जागा नाकारली. आवाज चांगला आहे, हेल घालवून परत या, म्हणाले. मी परत गेलो नाही. घरात ओढाताण होती, थोरल्या भावानं वर्षानुवर्षं बोल लावले. रेडिओ ऐकताना अजून हळहळ वाटते. तरी सांगतो, मी केलं ते बरोबर केलं. पुढं वर्गात मागच्या बाकावरची पोरंही माझ्यापुढं तोंड उघडायची, कारण त्यांचे सर त्यांच्यासारखंच बोलायचे. निबंध मी प्रमाण भाषेतच लिहून घेतले, लाल पेनानं झोडले. पण 'व्हय सर' म्हणणाऱ्याला कधी अडवलं नाही. त्यावरून शिक्षकांच्या खोलीत भांडलो. हट्टी म्हणाले, म्हणू देत.

'काळ बदललाय सर' असं मला लिहू नको. टीव्हीवरच्या कोल्हापुरी पात्राचं 'चालतंय की' त्याच लोकांना गोड लागतं. मीटिंगमध्ये तू म्हणालीस की ते गावठी! यात तुझं काय चुकलं?

पुण्यात राहून, तिथल्या माणसांत रमून उद्या तुझ्या तोंडी 'मी आले' बसलं, तर मी आनंदानं ऐकेन. फक्त लाजेनं नको, पोरी. लाजेनं बदललेली पोरं मी पाहिली आहेत. ती इथं आली की गप्प बसतात आणि तिथंही जपून जपून बोलतात.

एक मात्र मनावर घे. आपण कोल्हापूरची माणसं घाईत शब्दांची शेवटं गिळतो. वरिष्ठांपुढं बोलशील तेव्हा वेग कमी कर, वाक्य पुरं कर. हेल आहे तसा राहू दे.

तुझे,
सर