चाकं चुकली तर चालतं, कारण चुकलं की सिनेमा खोटा

तुम्ही विचारलंय की जुने युद्धपट कितपत खरे मानायचे आणि इतिहास न शिकलेल्या माणसाने त्यातलं खोटं ओळखायचं कसं. मीही इतिहास शिकलेला माणूस नाही. बीड जिल्ह्यातल्या आष्टीचा आहे. रणगाडा दलात टँक ड्रायव्हर होतो, आता पेन्शनवर गावी असतो. जे सांगतोय ते टँकच्या आत बसून जेवढं कळलं त्यावरून.

आमच्या आष्टीहून नगर जवळ. तिथल्या टँक म्युझियममध्ये पाकिस्तानचा पकडलेला पॅटन, म्हणजे अमेरिकन बनावटीचा टँक, उभा आहे. पुतण्याला घेऊन गेलो की त्याला आधी खाली उकिडवं बसवतो आणि चाकं मोजायला लावतो. मोठी सहा चाकं, एकामागे एक, मधे फट. जर्मन टायगर टँकची चाकं अशी नसतात, ती छपरावरच्या कौलांसारखी एकमेकांवर चढलेली असतात. एवढं डोक्यात ठेवून 'बॅटल ऑफ द बल्ज' (१९६५) बघा. त्यात 'टायगर' म्हणून जे धावतात ते एम-४७ पॅटन आहेत, शूटिंग झालं स्पेनमध्ये. म्हणजे ज्या वर्षी आपल्या अब्दुल हमीदांनी जीपवरच्या आरसीएल गनने (टँक फोडणाऱ्या तोफेने) पंजाबात असल उत्तरला पॅटन फोडले, त्याच वर्षी पडद्यावर पॅटन जर्मन झाले होते.

पण एवढ्यावरून मी कुठला सिनेमा नापास करत नाही. चालू स्थितीतले टायगर १९६५ साली आणायचे कुठून? 'टोरा! टोरा! टोरा!'मध्ये (१९७०) जपानी झिरो विमानं म्हणून अमेरिकन ट्रेनिंग विमानं रूप बदलून उडवली. आकाशात ती शोभतात, आपलं काही बिघडत नाही.

मी बघतो ते दुसरंच. ती लढाई ज्या कारणाने जिंकली किंवा हरली, ते कारण सिनेमात शिल्लक आहे का? दुसऱ्या महायुद्धातल्या बल्जच्या लढाईत, डिसेंबर १९४४ मध्ये, जर्मनांनी मुद्दाम खराब हवा धरून हल्ला केला. ढग आणि धुकं असल्यामुळे दोस्तांची विमानं जमिनीवर अडकली होती. २३ तारखेला आभाळ मोकळं झालं आणि विमानं तुटून पडली. सिनेमात शेवटची टँकची झुंज कोरड्या, तपकिरी माळरानावर होते, आपल्याकडे उन्हाळ्यात दिसतं तसं रान! बर्फ गेला, धुकं गेलं, म्हणजे लढाईचा जीवच गेला. त्या युद्धात युरोपातल्या दोस्त फौजांचे सरसेनापती असलेले आयझेनहॉवर यांनी या सिनेमावर जाहीर टीका केली होती, आणि ती मला रास्त वाटते.

आता 'बॉर्डर' (१९९७). हा सिनेमा माझ्या काळजाजवळचा आहे, म्हणून जास्त लिहितो. राजस्थानातलं सीमेवरचं लोंगेवाला ठाणं, ४ आणि ५ डिसेंबर १९७१ ची रात्र. पाकिस्तानी टँक आले ते तारेच्या कुंपणापाशी थबकले. पुढे सुरुंग असतील असं त्यांना वाटलं आणि तिथे त्यांचा मोलाचा वेळ गेला. बाजूने निघाले तर वाळूत रुतले. राजस्थानात सरावाला असताना रात्री आमच्या टँकचा ट्रॅक, म्हणजे चाकांवरचा लोखंडी पट्टा, वाळूत निसटला होता. पहारी आणि घण घेऊन चौघं लागलो, तो परत चढेपर्यंत उजाडलं. तेही आमच्यावर कुणी गोळी झाडत नसताना. त्यामुळे रुतलेला टँक म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. मेजर कुलदीपसिंग चांदपुरींनी जवळपास १२० जवानांनिशी रात्रभर ठाणं धरून ठेवलं. पहाटे जैसलमेरहून हंटर विमानं आली आणि उघड्या वाळवंटात टँक टिपत गेली. रात्र काढणं हीच तिथली बहादुरी होती.

सिनेमात मात्र आपल्या ओळखीचे चेहरे एकेक करून पडतात. प्रत्यक्षात त्या रात्री आपले २ जवान शहीद झाले. सिनेमात मेलेले दाखवलेले सीमा सुरक्षा दलाचे भैरोंसिंग राठोड खरोखर जिवंत राहिले, सेना मेडल मिळवलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये वारले. जिवंत माणसाला स्वतःचं मरण पडद्यावर बघायला लावणं मला पटत नाही. जास्त माणसं मेली की शौर्य मोठं होतं, हा हिशेब फौजेचा नाही. आपली माणसं कमीत कमी घालवून ठाणं राखणारा मेजर आमच्यात मोठा मानला जातो.

नाव खरं ठेवून माणूस बदलणं तर त्याहून वाईट. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश आणि झुलू यांच्या लढाईवरच्या 'झुलू'मध्ये (१९६४) हेन्री हुक हा दारुडा, कामचुकार शिपाई दाखवलाय. खरा हुक दारूला शिवत नव्हता आणि १८७९ च्या त्या लढाईत त्याने व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलं. याउलट 'द लाँगेस्ट डे'मध्ये (१९६२) फ्रान्समधला एक पूल काबीज करणाऱ्या ब्रिटिश मेजर हॉवर्डचं काम करणारा नट रिचर्ड टॉड ६ जून १९४४ ला स्वतः पॅराशूटने उतरून त्याच पुलावर हॉवर्डच्या मदतीला गेला होता. त्याचे पुलावरचे प्रसंग मी पुन्हापुन्हा बघतो.

आपल्याकडचा सगळ्यात प्रामाणिक कुठला म्हणाल, तर 'हकीकत' (१९६४). पात्रं काल्पनिक आहेत, पण लडाखची थंडी, अपुरे कपडे, अपुरा दारूगोळा हे सगळं त्यात आहे. १९६२ ला चीनकडून हार का झाली, ते त्यात लपवलेलं नाही.

तुम्ही मराठवाड्यातले आहात म्हणून एक सांगतो. आपल्याकडे पोलीस ॲक्शन म्हटलं की आठवतात ते रझाकार आणि १७ सप्टेंबर. पण १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे सोलापूरकडून फौज निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरली, तेव्हा नळदुर्गजवळ २ शीख पलटणीचे हवालदार बचित्तरसिंग लढले. मशीनगनची गोळी मांडीत लागलेली असताना ते पुढे गेले, दोन ग्रेनेड टाकून ती मशीनगन बंद पाडली आणि तिथेच गेले. मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. किल्ला बघायला आलेल्या किती जणांना हे माहीत असेल?

उद्या कुणी त्यावर सिनेमा काढला तर गाड्या कुठल्या का आणेनात, बंदुका दहा वर्षं पुढच्या का असेनात, मी काही बोलणार नाही. फक्त बचित्तरसिंगांना उभं राहून धावताना दाखवू नका. ते सरपटत गेले होते.