आबाजींचा फोटो नारिंगी का झाला?

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी आबाजी गेले, तेव्हा तालुक्याहून त्यांचा मोठा रंगीत फोटो प्रिंटरवर काढून आणला. देवघराशेजारी लावलाय, काच नाही. तिथं ऊन कधीच येत नाही. तरी चेहरा नारिंगी झाला, फेट्याच्या घड्या लालसर दिसतात. शेजारचा आजीचा १९६८चा काळापांढरा फोटो मात्र आहे तसाच आहे. असं कसं?
— एक वाचक भगिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तुमच्या फोटोला उन्हानं नाही, हवेनं खाल्लंय. नारिंगी रंगावरूनच ते कळतं. हवेतल्या ओझोननं डाय शाईतला (रंग विरघळवून केलेल्या शाईतला) निळा, म्हणजे सायन, बहुतेक वेळा सगळ्यात आधी जातो; मागं उरतो लाल-पिवळा. उन्हानं उडालेले फोटो बरेचदा हिरवट दिसतात, कारण तिथं मॅजेंटा, म्हणजे गडद गुलाबी, आधी गेलेला असतो.

दोष निम्मा कागदाचा. आम्ही दुकानदार जो झटपट वाळणारा चकचकीत कागद वापरतो, त्यावर सिलिका किंवा ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा थर असतो आणि कणांमध्ये पोकळ्या. शाई लगेच आत मुरते, बोट फिरवलं तरी पुसत नाही, गिऱ्हाईक पाच मिनिटांत फोटो घेऊन जातं. पण त्याच पोकळ्यांतून हवाही आत शिरते. डाय म्हणजे विरघळलेला रंग, त्याला आडोसा नसतो. पिगमेंट शाईत रंगाचे घट्ट कण असतात, साधारण ०.१ मायक्रॉनचे, वरचा भाग झिजला तरी आतला टिकतो. जिलेटिनसारखा फुगणारा थर असलेला कागदही मिळायचा. तो डायला हवेपासून जपतो, पण उशिरा वाळतो आणि ओल सोसत नाही. आपल्याकडे तीन-चार महिने घरात कूलर चालतो, म्हणून मी तो सुचवणार नाही.

दहा वर्षांपूर्वी मीही एका बापाला त्याच्या लेकीचा फोटो असाच, काचेविना दिला होता. दोन वर्षांनी तो फोटो रुमालात गुंडाळून घेऊन आला. त्याच्याकडे दुसरी प्रत नव्हती आणि मी फाईल पुसून टाकली होती. त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून प्रत्येक फाईल मी दोन ठिकाणी ठेवतो.

तुम्ही आधी त्या दुकानात फाईल विचारा. नसेल तर हाच फोटो लवकर स्कॅन करून घ्या. गेलेला निळा बराचसा भरता येतो, पण जितका उशीर तितकं कमी हाती लागेल. नवी प्रिंट पिगमेंट शाईतच मागा. खात्री करायची तर साध्या कागदावर रंगीत पट्ट्या काढायला लावा, वाळू द्या आणि वर पाण्याचा थेंब सोडा. डाय पसरते, पिगमेंट जागचं हलत नाही. चारही रंग बघा. पुष्कळ प्रिंटरांत काळी तेवढी पिगमेंट असते.

प्रिंट किमान एक दिवस उघडी वाळू द्या, नाहीतर काचेला आतून धुकं धरतं. मग काच बसवा, मधे पुठ्ठ्याची चौकट घालून. थेट टेकवलेला फोटो पावसाळ्यात काचेला चिकटतो. मागची फट टेपनं बंद करा. उदबत्ती जरा लांब लावा.

आजीच्या फोटोत शाई नाहीच, जिलेटिनमध्ये बसलेली चांदी आहे. तरी दमट हवेत तीही पिवळी पडते, म्हणून तोही स्कॅन करून घ्या. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट घेऊन जा.