हजेरीचं कॉम्प्युटर दिवसाला ६ मिनिटं पुढं: आधी कोणतं घड्याळ पळतंय ते पाहा

भाऊ, सेल तिसऱ्यांदा बदलू नका. मदरबोर्डही थांबू द्या.

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं: महालातल्या अभ्यासिकेत हजेरीसाठी उबुंटूचं कॉम्प्युटर आहे, नेट बहुतेक वेळ नसतं आणि घड्याळ रोज साधारण ६ मिनिटं पुढं जातं. बर्डीवरच्या दुकानदारानं दोनदा सेल बदलला, आता तो बोर्ड बदला म्हणतो. आणि तुमचा मित्र म्हणतो, नागपूरच्या उन्हानं घड्याळ पळून राह्यलं.

बोर्डावरचा गोल सीआर २०३२ सेल मरायला टेकला की घड्याळ मागं पडतं, नाहीतर सकाळी कुठल्यातरी जुन्या सालची १ जानेवारी दिसते. रोज नेमानं पुढं पळणं हे त्याचं लक्षण नाही.

उन्हाची गोष्ट मात्र मजेदार आहे, कारण ती बरोबर उलटी आहे. बोर्डावर एक चिमुकलं क्वार्ट्झ स्फटिक असतं, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारं. हा आकडा २ चा १५ वा घात, म्हणून १५ वेळा निम्मं केलं की नेमका एक सेकंद हाती येतो. मनगटी घड्याळात हेच असतं. हे स्फटिक २५ अंशांच्या आसपास सर्वात जलद चालतं. त्याहून तापलं तरी मंदावतं, गारठलं तरी मंदावतं. किती, तर २५ पासून जितके अंश दूर, त्याच्या वर्गाला ०.०३५ नं गुणायचं, उत्तर दहा लाखात इतके भाग. नवतपा चालू आहे, कूलर बंद आहे आणि डब्याच्या आत ५५ अंश आहेत असं धरा. ३० चा वर्ग ९००, म्हणजे दहा लाखात ३१ भाग. दिवसाला पावणेतीन सेकंद, आणि तेही मागं! तुमचे ६ मिनिटं म्हणजे दहा लाखात जवळजवळ ४,१७० भाग, पुढच्या दिशेनं. उन्हावर हा आळ टिकत नाही बाप्पा. घरच्या विजेवरही नाही, पन्नास हर्ट्झवर चालणारी मोटरची घड्याळं वेगळी, कॉम्प्युटरचं एसएमपीएस, म्हणजे त्याचा वीजपुरवठ्याचा डबा, आधी सगळी वीज डीसी करून टाकतं.

आता खरी गोम. तुमच्या डब्यात घड्याळं दोन आहेत. एक वर सांगितलं ते, सेलवर चालणारं, मशीन बंद असतानाही. दुसरं कर्नेलचं, म्हणजे उबुंटूच्या गाभ्यातल्या प्रोग्रॅमचं. मशीन सुरू होताना कर्नेल पहिल्याकडे एकदा वेळ विचारतं आणि मग स्वतःच्या मोजणीवर चालतं. स्क्रीनवर दिसतं ते दुसरं. यातलं पळतं कोण, हे कोणी पाहिलंच नाही, काहून की पहिलं घड्याळ बदलता येतं आणि त्याचा सेल दुकानात मिळतो.

म्हणून एक दिवस वही घेऊन बसा. नेट काढा. मोबाईलवर पाहून दोन्ही घड्याळं बरोबर लावा. मग दर तासाला मोबाईल पाहून टर्मिनलमध्ये दोन कमांड: ‘डेट’ कर्नेलची वेळ दाखवते, आणि सुडोसह (म्हणजे ॲडमिनच्या हक्कानं) ‘एचडब्ल्यूक्लॉक’ सेलवरच्या घड्याळाची. ६ मिनिटं दिवसाला म्हणजे तासाला १५ सेकंद, दोन तासांत चित्र साफ होतं. रात्री पूर्ण बंद करा आणि सकाळी उबुंटू सुरू व्हायच्या आधी बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन वेळ पाहा. रात्रभर बंद असतानाही पुढं गेलं असेल तर दुकानदार खरा, बोर्डावरचं स्फटिक किंवा त्याच्या भोवतीचं सर्किट बिघडलं. माझा अंदाज आहे की तसं दिसणार नाही. फक्त ‘डेट’ पळेल, सेलवरचं जागेवर राहील.

तसं झालं तर सिस फोल्डरच्या आत क्लॉकसोर्स शोधा, त्यात ‘करंट क्लॉकसोर्स’ नावाची फाईल आहे, कर्नेल कशावरून वेळ मोजतं ते तिच्यात लिहिलेलं असतं. तिथे बहुधा ‘टीएससी’ लिहिलेलं असेल. टीएससी म्हणजे प्रोसेसरच्या आतला आवर्तनं मोजणारा काउंटर. सेकंदाला किती आवर्तनं, हे कर्नेल सुरुवातीला ठरवतं. तो आकडा ०.४ टक्क्यांनी कमी धरला गेला, की घड्याळ तेवढंच जोरात पळतं. कर्नेल टीएससीवर पहारा ठेवतं खरं, पण जुन्या कर्नेलमध्ये अर्ध्या सेकंदात ६२.५ मिलिसेकंदांहून जास्त फरक दिसला तरच ते ओरडायचं. तुमचा फरक तेवढ्या वेळात २ मिलिसेकंद. पहारेकऱ्याच्या पायाखालून निघून जातो.

त्याच फाईलमध्ये ‘एचपीईटी’ लिहा, हा बोर्डावरचा वेगळा टायमर. मशीन पुन्हा सुरू करायची गरज नाही, बदल लगेच लागू होतो. शेजारच्या ‘अव्हेलेबल क्लॉकसोर्स’ फाईलमधल्या यादीत एचपीईटी नसेल तर ‘एसीपीआय पीएम’ हा दुसरा टायमर. तासभर पाहा. पळणं थांबलं, तर ग्रबच्या (उबुंटू सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमधल्या कर्नेलच्या ओळीत ‘क्लॉकसोर्स=एचपीईटी’ असं टाकून ‘अपडेट-ग्रब’ ही कमांड चालवा. हे घड्याळ वाचायला किंचित हळू आहे, हजेरीच्या प्रोग्रॅमला त्यानं काही फरक पडत नाही. बायोसमध्ये बेस क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा मूळ ठेका, कोणी वाढवून ठेवला असेल तर तोही मूळ जागी आणा. सेकंडहँड मशीन असेल तर हे आधी पाहा.

मी स्वतः यात एकदा चांगलाच फसलो होतो. इतवारीतल्या एका छापखान्यात एक डबा होता, घड्याळ नेमकं दुप्पट पळायचं, दुपारच्या दोनाला संध्याकाळ. मी तीन दिवस सेल बदलत बसलो. निघालं काय, तर टायमरचा एकच ठोका कर्नेलकडे दोन वाटांनी पोचत होता आणि दोनदा मोजला जात होता. ‘नोएपिक’ हा एक शब्द सुरुवातीच्या ओळीत टाकला आणि संपलं. तेव्हापासून आधी मोजतो. नेमकं दुप्पट असेल तर ठोके, नेमका साडेपाच तासांचा फरक असेल तर विंडोज आणि लिनक्स एकाच डब्यात, आणि तुमच्यासारखं सावकाश पळणं असेल तर मोजणीचा आकडा.

कोणी पूर्वी ‘ॲडजटाइमेक्स’ या कमांडनं टिक, म्हणजे कर्नेलच्या घड्याळाचा वेग ठरवणारा आकडा, बदलून ठेवलेला नाही ना, तेही पाहा. मूळ आकडा १०,०००. त्यातला एक म्हणजे दिवसाला ८.६४ सेकंद, म्हणून तिथे १०,०४२ दिसलं तर चोर सापडला. काहीच नाही जमलं तर हाच उपाय उलटा वापरता येतो: ९,९५८ करा, उरलेला फरक दिवसाला तीन सेकंदांच्या आत येतो.

नेट लावून सुटेल का? नेटवरून वेळ जुळवणाऱ्या जुन्या एनटीपीडी प्रोग्रॅमनं नाही. त्याची पोच दहा लाखात ५०० भाग, दिवसाला ४३ सेकंद. त्यापुढं ते घड्याळाला धक्के मारत बसतं. त्याच कामाचा नवा प्रोग्रॅम क्रोनी तुमचा फरक सांभाळून घेईल आणि घड्याळाचा स्वभाव ड्रिफ्ट फाईलमध्ये लिहून ठेवेल, मग नेट काही दिवस गेलं तरी चालतं.

एक काळजी घ्या. घड्याळ मागं घेताना हजेरीचा प्रोग्रॅम बंद ठेवा आणि पोरं गेल्यावर करा. नाहीतर कोणी आठला आत आला आणि सात अठ्ठावन्नला बाहेर पडला, अशी नोंद होते आणि महिन्याच्या शेवटी भांडण तुमच्याच टेबलावर येतं.

वहीतले आकडे आणि त्या फाईलमधला शब्द इथे टाका, मग बोर्डाचं बोलू.