उंदरांतली गाठ आणि सदाफुलीचा काढा

प्रश्न : धाकट्या दिरांना लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आहे, केमो सुरू आहे. सदाफुलीच्या अर्कानं उंदरांतली गाठ निम्मी झाली आणि यकृताची एन्झाइम्स ‘नॉर्मल’ आली, अशी बातमी शेजाऱ्यांनी पाठवली. सासूबाई रोज काढा करायचं म्हणतात. द्यावा का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, नको. सासूबाईंना माझं नाव सांगा, वाईटपणा मी घेते.

मी औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या गाठी मोजण्यात बरीच वर्षं घालवली, म्हणून त्या ‘निम्मी’ शब्दापाशी अडते. कातडीखालची गाठ आम्ही व्हर्नियरनं, म्हणजे बारीक मापाच्या कॅलिपरनं, मोजायचो. लांबी गुणिले रुंदी गुणिले पुन्हा रुंदी, भागिले दोन. रुंदीचा वर्ग होतो ना, म्हणून १० मिलिमीटरची रुंदी कुणी ९ वाचली की कागदावर गाठ १९ टक्क्यांनी आटते. औषध न देता! त्यासाठी मोजणाऱ्याला कुठला पिंजरा औषधाचा हे कळू द्यायचं नसतं. शिवाय अर्कामुळे उंदरानं खाणं सोडलं तर उपाशी जिवातली गाठही हळू वाढते. बातमीत उंदरांचं वजन दिलंय का, बघा.

एन्झाइमचं तर विचारूच नका. एकदा औषधाच्या गटातल्या सगळ्या उंदरांचं एलडीएच (पेशींच्या आत असणारं एक एन्झाइम) चढलेलं आलं. औषध विषारी ठरवून मी मोकळी झाले होते. मग जुन्या अटेंडंटनी नळ्या खिडकीशी धरून दाखवल्या : सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, गुलाबी. बारीक सुईतून रक्त जोरात ओढलं होतं, तांबड्या पेशी फुटल्या आणि त्यांच्यातलं एलडीएच सीरममध्ये उतरलं. दोष सुई धरणाऱ्या हाताचा, म्हणजे माझाच. एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम खाली आलं तर यकृताच्या पेशींतून होणारी गळती कमी झाली एवढंच समजतं, गाठीबद्दल त्यातून काही कळत नाही.

सदाफुलीत औषध आहे, हे मात्र खरं. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी जमैकाहून आलेली पानं मधुमेहासाठी तपासली. अर्क तोंडावाटे दिला तेव्हा उंदरांची साखर हलली नाही. टोचला तेव्हा पांढऱ्या पेशी कोसळल्या आणि जनावरं जंतुसंसर्गानं मेली. त्याच धाग्यावरून १९५८ च्या सुमारास व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध हाती आलं. त्याचं भावंड व्हिनक्रिस्टिन लिम्फोमाच्या अनेक केमोंमध्ये असतं, कदाचित दिरांच्याही सलाइनमध्ये असेल. फाइलवर नाव वाचून बघा. तिथे मात्रा रुग्णाच्या अंगाच्या मापानं, मिलिग्रॅममध्ये ठरते. पातेल्यातल्या मूठभर पानांत किती उतरलं, कोण सांगणार?

आणि हे औषध शरीराबाहेर काढायचं काम मुख्यतः यकृताचं. काढ्यानं एसजीपीटी चढलं तर डॉक्टर केमोला दोष देतील, मात्रा कमी करतील किंवा केमोची पुढची सायकल (फेरी) लांबवतील.

दिरांनी एखादा कप आधीच घेतला असेल तर लपवू नका. पुढच्या सायकलची वाट न बघता डॉक्टरांना फोन करून सांगा, किती दिवस आणि किती घेतला तेही.